लोड्याचं वजन आणि गावातले सगळे खोटे काटे

लोड्या या गिनीपिगवर अन्याय झाल्याचं उघडकीस आलं ते एका रविवारी सकाळी सव्वासात वाजता, निमगाव केतकीतल्या आमच्या राहत्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मागच्या रविवारी तो नऊशे चाळीस ग्रॅम होता. त्या सकाळी आठशे साठ भरला.

लोड्या माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीचा, गौरीचा. रंग तांबडा-पांढरा, मान नाही, कंबर नाही, आकार बैठकीतल्या लोडाचा, म्हणून लोड्या. पिशवी वाजली की शिट्टी मारल्यासारखा ओरडतो. वहिनी घरी केक करून विकते, तिच्या काट्यावर गौरी त्याला दर रविवारी ठेवते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. ही सवय तिला मी लावली. पुरावा लेखी असावा, असं मी घरात सगळ्यांना बजावत असते. (तो कुणाविरुद्ध वापरला जाईल ते आधी सांगता येत नाही, हे मात्र मला कुणी बजावलं नव्हतं.)

"आत्या, हा आजारी हाय," गौरी म्हणाली. "खायला जातो, तोंडात घेतो आन् टाकून देतो."

"थांब," मी म्हटलं. "आधी काटा बघू."

हे माझं एकटीचं शहाणपण नव्हे. आमच्याकडं मूल बोलायला लागलं की त्याला हे शिकवतात. ऊस तोडून गाडी भरली की ती आधी बाहेरच्या काट्यावर तोलायची, मग कारखान्याला घालायची. आकडा कमी आला तर थेट काट्यावर बोट ठेवायचं. उसाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला बरं वाटत नाही का? माझी पत्रकं लिहिण्याची सुरुवातच मुळी काट्यांवरून झाली. कॉलेजात असताना पहिलं पत्रक काढलं, तेव्हापासून कमी भरलेलं वजन दिसलं की माझं रक्त उसळतं.

ओसरीवरून माझ्या वडिलांनी, आबांनी, निकाल दिला. "वजन घटलं म्हंजे काटा मारलेला हाय. मालाचं नंतर बघा."

वहिनीनं काट्यावर साखरेचं किलोचं पाकीट ठेवलं. काट्यानं बरोबर एक हजार दाखवले.

"बघा वन्सं, माझा काटा खरा हाय."

"किंवा पाकिटात साखर जास्त भरलीय," मी म्हटलं.

(गिऱ्हाइकाला साखर जास्त देणारा दुकानदार आजवर कुणी पाहिलेला नाही, हे मला फार उशिरा सुचलं.)

बुधवारी लोड्याला मी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घातलं आणि कोपऱ्यावरच्या दूध संकलन केंद्रात नेलं. केंद्र अण्णांचं. अण्णा सरळ माणूस. किटली ठेवतो, आकडा मोठ्यानं वाचतो, दुसरी किटली घेतो. डबा ठेवल्यावर त्यानं आत डोकावून पाहिलं.

"हे काय घालायला आणलंय?"

"वजन करा."

"फॅट पण लावू का?"

रांगेतल्या बायका हसल्या. मी हसले नाही, मी मोहिमेवर होते. डब्याचं वजन वजा जाता लोड्या सातशे नव्वद भरला. म्हणजे वहिनीच्या काट्यापेक्षाही सत्तर ग्रॅम कमी! दोन काट्यांचं जमत नाही, याचा अर्थ दोन्ही खोटे. मधे तीन दिवस गेलेत आणि तेवढ्यात जनावर आणखी वाळू शकतं, हा हिशेब एखाद्या न शिकलेल्या माणसानंही केला असता. मी एम.ए. आहे.

"काटा परवाच तपासून घेतलाय, ताई," अण्णा म्हणाला. "त्यावर शिक्का बी हाय."

"शिक्का काय, कुणीपण मारतं," मी म्हटलं.

हे वाक्य मी सात बायका आणि एका गिनीपिगच्या समोर बोलले. आठही जणांनी माझ्याकडं सारख्याच नजरेनं पाहिलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी कांद्याच्या आडत्याकडं तिसरा काटा गाठला. सातशे दहा. आता माझी खात्रीच झाली की गावात एकही काटा खरा उरलेला नाही. गौरी बाजारभर माझ्या ओढणीचं टोक धरून चालत होती.

"आत्या, डॉक्टरकडं जाऊ या."

"जायचंय ना. पण आधी खरं वजन हातात आलं पाहिजे. नाहीतर डॉक्टरला सांगायचं काय?"

"सांगायचं की तो जेवत न्हाय."

"तसं मोघम सांगून चालत नाही, गौरी. आकडा लागतो."

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा: 'लोड्याच्या वजनाचे मारेकरी कोण?' मजकुरात घरातला, दुधाचा आणि कांद्याचा असे तिन्ही काटे होते. नाव कुणाचंच नव्हतं, पण गावात दूध संकलनाचं 'कोपऱ्यावरचं केंद्र' एकच आहे. पाचशे प्रती छापल्या. खाली माझी सही. दुसऱ्या दिवसापासून अण्णाकडं दूध घालणाऱ्या बायका एकच किटली दोन-दोनदा काट्यावर ठेवायला लागल्या आणि रांग देवळापर्यंत गेली. मी घरी येऊन समाधानानं चहा मागितला. वहिनीनं तो मला काट्यावर ठेवून दिला.

"दीडशे ग्रॅम," ती म्हणाली. "पटत नसंल तर बाजारात जाऊन तोलून आणा."

रविवारी लोड्या सहाशे चाळीस भरला. या वेळी काटा बघायची गरज नव्हती. डोळ्यांना दिसत होतं. लोडाची उशी झाली होती, उशीची पिशवी व्हायला लागली होती. पाठीचं हाड हाताला लागत होतं. गौरीनं पिशवी वाजवली. तो ओरडला नाही.

गौरी रडली नाही. तिनं दप्तर पाठीला लावलं, डबा घेतला, चप्पल घातली आणि दारात जाऊन उभी राहिली. "मी एसटी स्टँडवर चाललीय. येणार असशील तर ये."

आबा ओसरीवरून उठले. "जा गं तिच्यासंगं," ते मला म्हणाले. "ऊस म्हणून म्हणालो हुतो मी. ह्याला जीव हाय."

बारामतीच्या गाडीत कंडक्टरनं डब्याकडं पाहून विचारलं, "आत काय?"

"पेशंट," गौरी म्हणाली.

त्यानं तिकिटं दोनच फाडली आणि पुढच्या माणसाला उठवून आम्हाला खिडकीची जागा दिली. तासभर गौरी डब्याच्या भोकातून आत बोलत होती. मी ऐकत होते. ती त्याला सांगत होती की घाबरू नको, आत्या वाईट नाही, तिला फक्त वेळ लागतो.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. दवाखान्यात एक शेळी, दोन कुत्री आणि आम्ही. रविवार असूनही दवाखाना उघडा होता, आणि बाईंनी लोड्याला आधी घेतलं. मी तीन काट्यांची हकीकत सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला आणि गौरीला विचारलं, "हा करतो काय नेमकं?"

"तोंडात घेतो आन् टाकतो."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झालं."

बाईंनी बॅटरी लावून त्याचं तोंड उघडलं आणि मला वाकायला सांगितलं. पुढचे दात वाकडे होऊन ओठात रुतायला आले होते. मागच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. समोर अन्न, पोटात भूक, आणि तोंड आतून कुलूपबंद.

"ह्यांचे दात जन्मभर वाढतात," बाई म्हणाल्या. "गवत चावून चावून झिजतात. गवत देत नाही का तुम्ही?"

"आधी द्यायचो," गौरी म्हणाली. "बांधावरची हरळी आन् उसाचं वाढं."

वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. आमच्याकडं जनावरं त्यावरच जगतात.

"मग बंद का केलं?"

गौरीनं दप्तर उघडलं आणि घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. तो मी दिवाळीच्या आधी लिहून पिंजऱ्यावर चिकटवला होता. शेजारच्या रानात तणनाशक मारलेलं पाहिलं, माझं डोकं तापलं, आणि त्याच रात्री मी घरात फर्मान काढलं. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. शेळीवालाही ऐकत होता.

"'लोड्याचा विषमुक्त आहार. बाहेरचे गवत व वाढे यांस सक्त मनाई. सकाळी उकडलेले गाजर. दुपारी भिजवलेली चपाती. रात्री मऊ भात. हुकमावरून.'" त्यांनी कागद खाली केला. "हे कुणी लिहिलं?"

खाली सही होती. पुरावा लेखी होता.

"मी," मी म्हटलं.

"तणनाशक मारलेलं गवत देऊ नये, हे बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण मग न मारलेलं शोधून आणायचं असतं. तुम्ही ह्याला तीन महिने म्हाताऱ्या माणसाचं जेवण घातलंत. अजून चार-पाच दिवस काटे तपासत बसला असतात, तर तोलायला काही उरलं नसतं."

शेळीवाल्यानं मान खाली घातली. माझ्यासाठी.

बाईंनी गुंगीचं औषध देऊन दात कापले, दाढा घासल्या. पुढचे आठ दिवस मी दर तीन तासांनी सुईशिवायच्या सिरिंजनं त्याच्या तोंडात पातळ खाणं सोडलं. ही शिक्षा मला गौरीनं दिली होती आणि त्यावर अपील नव्हतं. मग रोज सकाळी शेजाऱ्यांच्या आणि सगळ्यांच्याच फवारणीपासून लांब, तळ्याच्या कडेची हरळी मी खुरप्यानं काढून आणली. सोबत पेरूची फोड. दहाव्या दिवशी वहिनीनं बाजाराची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आतल्या खोलीतून शिट्टी आली. गौरी तेव्हा रडली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी वहिनीच्या काट्यावर लोड्या आठशे नव्वद भरला. मी टाळ्या वाजवल्या.

"थांबा वन्सं," वहिनी म्हणाली. "ह्या काट्याला तुमी खोटा ठरवलाय. छापून."

म्हणून डबा घेऊन अण्णाकडं गेले. रांग अजून देवळापर्यंत होती. अण्णानं डबा काट्यावर ठेवू दिला नाही.

"आमचा काटा खोटा हाय ना?"

"अण्णा, चुकलं माझं."

"तसं न्हाय. काटा खोटा, तर त्यावर वाढलेलं वजन बी खोटं. तुमचं पत्रक गावात हाय तवर ह्याचं वजन वाढलंय, असं मी म्हणणार न्हाय. सगळी गोळा करा. शेवटचं आणून द्या, मग डबा ठेवा."

गौरी म्हणाली, "बरोबर हाय अण्णांचं."

तर आता थेट तुम्हा गावकऱ्यांना. लोड्याच्या वजनाची मारेकरी मीच, हे इथं माझ्या सहीनं लिहून देते. अण्णाचा काटा खरा आहे, कांद्याचा खरा आहे, वहिनीचा तर आहेच. माझं ते आधीचं पत्रक तुमच्याकडं असेल, भज्याखाली, दिवळीत, पोराच्या पुस्तकाला घातलेलं, कसंही, तर आजच्या आज आमच्या घरी आणून द्या. पाचशेपैकी चारशे सत्तावीस परत आलीत. लोड्या ती वाचत नाही, पण गौरी ती त्याच्या खाली अंथरते आणि आजवरच्या माझ्या लिखाणाचा एवढा नियमित उपयोग कुणी केलेला नाही.

उरलेली त्र्याहत्तर लवकर आणा. पिंजऱ्यातलं अंथरूण रोज बदलावं लागतं.