पुढचं सांगायचं नाही
रद्दीच्या दुकानावरून जाताना जुन्या कागदाचा कुबट वास आला, की मागोमाग मला आंबूस दुधाचा वास येतो. ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमच्या चाळीसमोर दूध केंद्र होतं. पहाटे रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभं राहायचं. त्या रांगेतच शेजारच्या चाळीतल्या मैत्रिणीने आणि मी ठरवलं, की ग्रीक नाटकांपासून सुरुवात करून पाश्चात्त्यांची सगळी थोर पुस्तकं रोज थोडी थोडी वाचून काढायची. पुस्तकं रद्दीतली, शिवण उसवलेली. मी रात्री वाचलेली पानं सुटी करून सकाळी तिला द्यायची, त्यामुळे ती कायम माझ्या एक दिवस मागे असायची. पुढचं सांगायचं नाही, हा नियम तिचाच. तेव्हा एक जाडजूड कादंबरी चालू होती, तिच्यातल्या मुलीचं लग्न घरच्यांनी परस्पर ठरवलेलं. एका सकाळी बाटल्यांच्या खणखणाटात ती एकदम म्हणाली, "ए, ती नाही म्हणते का गं शेवटी? सांग ना." मी हसले. "नियम तुझाच ना? वाच की यार, घाई काय आहे?" तिने पानं पिशवीत सरकवली आणि बाटल्या उचलून गेली. दुसऱ्या दिवशी रांगेत तिची आई होती. "तिका गावाक धाडलंय," रिकाम्या बाटल्या पुढे ढकलत ती म्हणाली, "लगीन ठरला तिचा." पुढची पानं माझ्या पिशवीतच राहिली. अजून माझ्याकडेच आहेत. त्या पानांत ती मुलगी, भरल्या घरात सगळ्यांसमोर, नाही म्हणते.