न जोडलेला चौकोन

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा हाताला लागेल तो शर्ट अंगात घालून मी उस्मानपुऱ्याकडं निघालो. एरवी मी शर्ट खोचतो. त्यानं पोट आत जातं असा माझा जुना गैरसमज आहे. त्या दिवशी तेवढंही भान नव्हतं. आत्याच्या दारात चपला काढायला वाकलो, तर मागं कुजबुज झाली. शर्टाच्या पाठीमागून, खाली, तळहाताएवढा चौकोन कापून नेलेला. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "उंदरानं खाल्ला असंल." कात्री चालवणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही. पण बायकोनं ते भोक पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आमच्या घरात त्या भोकाचा अर्थ काय, ते तिला लग्न होऊन आली त्याच वर्षी कळलं होतं...

आत्या गोधड्या शिवायची. घरातलं कुठलंच कापड वाया जात नसे. विरलेली लुगडी, परकरांचे घेर, आमच्या खाकी चड्ड्या, सगळं तिच्या गाठोड्यात. त्या गोधड्या पांघरून आम्ही वाढलो. एक गोधडी मात्र कुणाला पांघरायला मिळायची नाही. ज्याच्या जिवाची तिला धास्ती वाटे, त्याच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा ती न विचारता कापायची, भोवती गाठोड्यातल्या चिंध्या लावून चौकोन शिवायची आणि ट्रंकेत ठेवायची. माणूस सुखरूप घरी आला, की मगच तो गोधडीला जोडायचा. आणि एकदा केलेली नक्षी पुन्हा नाही. का, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "दिग्या, परत्येकाचं भेव येगळं असतंय. मंग नक्षी एकच कशी व्हईल?"

हे सुरू झालं निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, खुलताबादजवळच्या आमच्या गावी. माझे वडील मिरच्यांची गाडी घेऊन शहरात गेले आणि रस्ते बंद झाले. आत्या तेव्हा परकरातली पोर. कुणी म्हणे गाडी जळाली, कुणी म्हणे बैल तेवढे दिसले. आजीनं खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्याचा तुकडा कापला आणि शिवायला बसली. हाताला काहीतरी काम हवं म्हणून, दुसरं काय. शेजारच्या खालाअम्मांचा मुलगाही त्याच बाजूला गेलेला. त्या त्याच्या कुर्त्याचं हिरव्या रेघांचं कापड घेऊन आल्या. "इसका बी सी डाल, बहन," एवढंच म्हणाल्या. दोघी एका दिव्याच्या उजेडात शिवत राहिल्या, आणि दारावर वारा आपटला तरी दोघींच्या सुया थांबायच्या, असं आत्या सांगायची. वडील आले, एका पायात जोडा, एक पाय अनवाणी. खालाअम्मांचा मुलगा आला नाही. पुढं त्याही गाव सोडून गेल्या. तो हिरवा चौकोन मात्र आत्यानं जन्मभर ट्रंकेत जपला. ना जोडला, ना फेकला.

आता माझं. गेले काही महिने आत्याचा जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबायचो आणि विजेचं मीटर वाचत असल्याचं सोंग करायचो. वर पोहोचेपर्यंत घामानं शर्ट भिजलेला. एकदा तिनं तो काढून घेतला, मला दुसरा दिला, आणि पुढच्या खेपेला धुऊन, घडी घालून परत केला. मी घडी न मोडता कपाटात टाकला. छातीच्या डॉक्टरांनी, ऑपरेशन करावं लागेल, लवकर करा, असं सांगितलं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शूर म्हणून नव्हे. बोललो तर खरं होईल, असं वाटायचं.

तेराव्यानंतर बायकोनं ट्रंक उघडली. वर गोधडी, तळाशी दोन सुटे चौकोन. एक हिरव्या रेघांचा, विटलेला. त्याला लागून माझ्या शर्टाचा. भोवती चिंध्यांच्या पायऱ्या, एकीवर एक चढत गेलेल्या. मीटरचं सोंग तिनं ओळखलं होतं तर! ते दोन चौकोन शेजारी शेजारी पाहून मी माझा हिरव्यापासून जरा बाजूला सरकवला. बायको खालीच बसली. "कधीपासून?" तिनं विचारलं. मग मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडं घेऊन गेली आणि तारीख ठरवून आली.

ती तारीख पुढच्या आठवड्यात आहे. ट्रंक आता आमच्याकडं, माझ्या पलंगाखाली. खोटं कशाला बोलू, रोज वाकून बघतो, सुटे चौकोन दोनच आहेत ना, तिसरा तर आला नाही ना म्हणून. परवा राहवलं नाही. बायकोला म्हटलं, आत्या काही आता बघायला नाही, तेवढा माझा चौकोन जोडून टाक. जाताना जिवाला बरं वाटेल.

तिनं गोधडी मांडीवर घेतली, रिकाम्या कडेवरून हात फिरवला आणि पुन्हा घडी घातली.

"सुई ओवून ठेवते," ती म्हणाली. "आधी घरी या."