कामितानीच्या देवाची बदली

कामितानी वाडीतल्या सगळ्या घरांनी संमतीच्या कागदावर आपापला शिक्का मारला होता. राहिली होती एकटी इसोआजी. ती शिक्का देईना म्हणून सरपंच तामाकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हुकूम वरून आला होता. दर गावाला एकच देऊळ ठेवायचं, तेही सम्राटांच्या पूर्वजांना शोभेल असं. वाड्यावाड्यांतले बारके देव उचलून डोंगरापलीकडच्या मोठ्या देवळात न्यायचे. देवांची बदली होते हे कुणी बापजन्मात ऐकलं नव्हतं. पण रेल्वे आणि शाळा आणणारं सरकार शहाणंच असणार, म्हणून लोकांनी मुंड्या हलवल्या.

इसोआजीचा मुलगा किसाबुरो रशियाशी झालेल्या लढाईत मंचुरियात पडला. घरी आले ते त्यानं लढाईवर जाण्याआधी कापून ठेवलेले केस आणि नखं, बस. पण महिन्याच्या बाळाला ज्या देवापुढं ठेवतात, त्याच देवाच्या राईत माणसाचा जीव परत येतो, यावर तिची श्रद्धा होती. रोज सकाळी ती कापराच्या झाडाखाली त्याच्या नावाची भाताची वाटी ठेवायची. देवच गेला तर पोरगा परतणार कुठं?

"आजी, किती अडून बसशील? मला तालुक्याला तोंड दाखवायचंय," तामाकी म्हणाला.

"दाखव की. तोंड तुझं, त्यात माझा देव कशाला?"

"तसं नाही गं."

"त्याच्या राईतल्या कापरावरून पडलास तेव्हा तुझी आई कुणाच्या पाया पडली रे? तालुक्याच्या?"

तामाकी हळूच म्हणाला, "किसाबुरो सम्राटांसाठी गेला. त्याच्याच आईनं हुकूम मोडला असं वर कळलं, तर नाव कुणाचं खराब होईल?"

इसोआजी उठली आणि शिक्का आणून दिला. दुसरं करणार काय! तामाकीनं तो कागदावर मारला.

पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या पेटीतून देव गेला. मागोमाग राई लिलावात गेली आणि कापराचं झाड आडवं झालं. वाटी ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा इसोआजी गुडघे धरत घाट चढून मोठ्या देवळात पोचली.

"पुजारीबुवा, यातला कामितानीचा देव कुठला?"

"आता सगळे एकत्रच आहेत, आजी."

"मग मंचुरियात पडलेला माझा पोरगा आला तर त्याला कळेल का?"

तरणा पुजारी मायेनं हसला. "तो इथं कशाला येईल? लढाईत पडलेल्यांना टोकियोच्या देवळात देव म्हणून बसवलंय. खुद्द सम्राट तिथं मान लववतात. केवढं भाग्य तुमचं!"

भोवतीच्या बायका कौतुकानं बघू लागल्या. इसोआजीला वाकून सगळ्यांचे आभार मानावे लागले. ती दाराशी गेली आणि न राहवून परत आली.

"बुवा, टोकियोत त्याच्या ओळखीचं कुणी आहे का हो?"