उपकेंद्रातला कापूस

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याला पाहुण्यांची कधी कमतरता पडली नाही. मुंबईहून येत, दिल्लीहून येत, गळ्यात कॅमेरे अडकवलेले गोरेही येत. त्यांच्या पांढऱ्या गाड्या बोरी अरबच्या बाजारातून धुरळा उडवत निघाल्या की बाजारातल्या बायका भाजीवर ओलं फडकं टाकत. कापसाचं वाटोळं झालं होतं, कर्जापायी शेतकरी जीव देत होते आणि सगळ्यांना आमच्याबद्दल फार वाईट वाटत होतं. वाईट वाटून झालं की ते विश्रामगृहावर जेवायला जात.

माझ्या नवऱ्याची पिठाची चक्की होती. मी बारावी झालेली, त्यामुळे दुपारी तो शेतात गेला की चक्कीवर मी बसायची. दळण होईपर्यंत बायकांना बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं, म्हणून गावातली कोणतीही गोष्ट आधी माझ्या कानावर यायची आणि मग ग्रामपंचायतीत पोचायची. बाहेरच्या पाहुण्यांना वाटे, आम्ही दिवसभर कापसावर रडत असू. कापसावर रडून आम्ही केव्हाच मोकळ्या झालो होतो. चक्कीवर विषय असायचा तो उपकेंद्राचा.

आमच्या गावात विहाराच्या मागच्या बाजूला सरकारनं आरोग्य उपकेंद्र बांधलं होतं. पिवळी भिंत, लोखंडी दार, आत बाळंतपणाची वेगळी खोली. उद्घाटनाला मोठे लोक आले, फीत कापली, बाळंतपणाच्या खोलीत उभं राहून फोटो काढला आणि गेले. नर्सबाई नेमली आहे म्हणत, पण तिचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. विचारलं की ग्रामसेवक सांगत, "त्या प्रतिनियुक्तीवर आहेत." आमच्या पुष्कळ बायकांना बरेच दिवस वाटत होतं, प्रतिनियुक्ती हे दिग्रसच्या पलीकडचं एखादं गाव असावं.

रिकामी इमारत किती दिवस रिकामी राहणार? गावातल्या एका मोठ्या कास्तकाराचं पंचायतीत वजन होतं. त्यानं किल्ली मिळवली आणि आपला कापूस तिथं भरला. भाव चढेल तेव्हा विकू, असा त्याचा हिशेब. भाव काही चढेना. बाळंतपणाच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. विकासकामाचा एवढा मऊ उपयोग दुसऱ्या कुठल्या गावात झाला नसेल.

त्याच हिवाळ्यात माझी नणंद पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. दुपारी कळा सुरू झाल्या. उपकेंद्रासमोरूनच आम्ही तिला धरून स्टँडवर नेलं, कारण तालुक्याला जायचा रस्ताच तिकडून. बस आली नाही. शेवटी एका काळी-पिवळी जीपमध्ये तिला बसवलं. आत बाजारातून परतणारी माणसं दाटीवाटीनं भरलेली. त्यात एक याडी होती. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. जवळच्या तांड्यावरची ती म्हातारी बोरीच्या बाजारात वांगी विकायची, आणि आम्हीही तिला याडीच म्हणायचो.

नाल्याच्या पुढं गेलो आणि नणंद ओरडली. याडीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दा घातला.

"थांबव रे! सगळे बाप्पे खाली उतरा."

"काहून, काय झालं?" मागच्या एकानं विचारलं.

"तुह्या मायले झालतं तेच! उतर आधी!"

पुरुष उतरले, रस्त्यावर पाठ करून उभे राहिले. याडीनं आपली आरशांची ओढणी जीपच्या दाराला बांधली. आत आम्ही तिघी. बाहेर ते पुरुष सरकारी पॅकेजवर बोलत होते. कोणाला मिळालं, कोणाला नाही, तावातावानं चाललं होतं. नणंदेचं तोंड पांढरं पडत चाललं होतं आणि मी तिला नुसतंच "झालं, झालं" म्हणत होते. मुलगी झाली. रडायला तिनं थोडा वेळ घेतला. तेवढ्यात मी काय काय नवस बोलले असते, पण आमच्यात नवस करत नाहीत, म्हणून नुसती याडीच्या तोंडाकडं पाहत राहिले. मुलगी रडली तेव्हा बाहेरची चर्चा थांबली. एकानं विचारलं, "पोरगं का?" याडी म्हणाली, "तुले काय करायचं?"

तालुक्याच्या दवाखान्यात नणंद वाचली. रक्त फार गेलं होतं. डॉक्टरबाईंनी मलाच झापलं, "उपकेंद्र असताना इतका उशीर का केला?" मी काय सांगणार? तिथं कापूस बाळंत व्हायचा आहे, असं सांगितलं असतं तर मलाच भरती केलं असतं.

नणंद लेकराला घेऊन घरी आली आणि थोड्याच दिवसांत ग्रामसेवक चक्कीवर आले. दळण नव्हतं, हसू होतं.

"ताई, राज्याच्या बजेटच्या आधी सरकारची समिती जनतेचं ऐकणार आहे. तालुक्याला कार्यक्रम आहे. आपल्या गावातून सुशिक्षित महिला म्हणून तुमचं नाव दिलं."

"काय बोलायचं?"

"मनातलं बोलायचं. फक्त आधी आभार, मग कापूस, मग परत आभार. मधात जास्त वेळ लावायचा नाही."

"आन् दवाखाना?"

त्यांनी चक्कीच्या पट्ट्याकडं पाहिलं. "ताई, समिती कापसासाठी येऊन राह्यली. त्यांचा मूड कशाला खराब करता?"

संध्याकाळी विहारात बायका जमल्या तेव्हा मी हे सांगितलं. खूप हसलो. मग हसणं थांबलं, कारण माझ्या सासूनं विचारलं, "तुले तिथं माइक देतीन का?" देतील म्हटलं. "मंग एकटी नोको जाऊ," ती म्हणाली. ठरलं की सगळ्यांनी जायचं. तांड्यावर निरोप धाडला, याडी आणि तिच्यासोबतच्या बायकाही आल्या.

सभागृहात आम्हाला पाहून अधिकाऱ्यांना आनंदच झाला. बायकांची गर्दी फोटोत चांगली दिसते. आम्हाला पुढं बसवलं. याडीला तर फोटोग्राफरनं अगदी मधोमध आणून ठेवलं, आरसे चमकतील असं. मंचावर समितीचे अध्यक्ष होते. निवृत्त मोठे साहेब, आवाज गोड. म्हणाले, सरकार आज तुमच्या दारी आलं आहे. ते दार आमच्या दारापासून बसनं तासाभरावर होतं, आणि ती बस कधी येईल याचा भरवसा नव्हता.

भाषणं झाली. मग अध्यक्षांनी समोरच्या रांगेवर नजर फिरवली आणि हळू आवाजात बाजूच्या अधिकाऱ्याला विचारलं, पण समोर माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"यांच्यात एखादी विधवा आहे का?"

अधिकारी गडबडला. आमच्यात एक होती, तिनं मान खाली घातली. मी उभी राहणार होते, आधी आभार, मग कापूस. पण माझ्या आधी याडी उठली.

"मी बोलतो साहेब. माहा नवरा जित्ता हाय. दवाखाना मेला आमचा."

मागं कोणीतरी हसलं. अध्यक्ष गोंधळले. "आजी, आपण आज कापसाबद्दल..."

"कापसाबद्दलच बोलून राह्यलो. कापूस दवाखान्यात हाय आन् बायका रस्त्यावर जचकीले बसते."

अध्यक्षांना काही समजेना. मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, नणंदेपासून. शेजारच्या अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं की आरोग्य हे वेगळं हेड आहे, बजेटमध्ये प्रत्येक गोष्टीचं हेड वेगळं असतं. "आणि तुमच्या गावात तरतूद झालेली आहे. उपकेंद्र चालू आहे."

"कुठं चालू आहे?" मी म्हटलं.

"कागदोपत्री..."

"मग कागदावरच जचकी करायची का साहेब?" माझा आवाज चढला होता. घरी मी नवऱ्यावरही तसा चढवला नव्हता. "चला, पाहून घ्या. तुमच्या गाडीनं जवळ आहे."

अध्यक्षांची यायची मुळीच इच्छा नव्हती. पण टीव्हीवाला होता ना! त्याला सकाळपासून भाषणांशिवाय काही मिळालं नव्हतं. त्यानं कॅमेरा खांद्यावर घेतला आणि निघालाच. त्याच्या मागं अध्यक्ष निघाले, अध्यक्षांच्या मागं सगळा तालुका.

उपकेंद्राला कुलूप. किल्ली कोणाकडं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, ग्रामसेवकांना मात्र आठवेना. शेवटी कास्तकाराचाच गडी किल्ली घेऊन आला. बिचाऱ्याला वाटलं व्यापारी आले. दार उघडलं आणि कापूस बाहेर आला. आतून रेटून भरलेला, तो भसकन् पायरीवर आला, अध्यक्षांच्या बुटांवर आला.

आम्हाला वाटलं, आता काहीतरी होईल. झालं की! अध्यक्षांनी खाली वाकून मूठभर कापूस उचलला, कॅमेऱ्याकडं वळले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे पाहा. शेतकऱ्याला आपलं पांढरं सोनं ठेवायला जागासुद्धा नाही." गोदामांसाठी बजेटमध्ये वाढीव तरतूद करण्याची शिफारस त्यांनी तिथंच, आमच्या बाळंतपणाच्या खोलीच्या दारात उभं राहून केली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचा कापसासह फोटो होता. याडी मागं अर्धी दिसत होती, आरसे चमकत होते.

गाड्या गेल्यावर आम्ही तिथंच उभ्या होतो. मला रडू यायला लागलं, रागाचं. सासू म्हणाली, "रडतं काहून वं? दार तं उघडं हाय!"

खरंच, कुलूप लावायचं सगळेच विसरले होते.

आम्ही आत शिरलो. ओढण्यांत, पदरांत, टोपल्यांत भरून कापूस बाहेर काढला आणि कास्तकाराच्याच अंगणात नेऊन टाकला. तो धावत आला, पोलिसात जाईन म्हणाला. याडी म्हणाली, "जाय. काय सांगशीन? माहा कापूस दवाखान्यातून चोरला म्हून सांगशीन?" तो गेला नाही. आम्ही खोली झाडली. टेबलाखाली उंदरांनी घर केलं होतं, तेही काढलं. मग पाळ्या लावून दारात बसायला लागलो, दळण निवडत, भाजी निवडत. जाणारा-येणारा विचारायचा, नर्सबाई कुठं आहे? आम्ही सांगायचो, ज्यांनी नेमली त्यांना विचारा. लोक खरंच विचारायला लागले. पंचायत समितीत, आमदारांच्या घरी, लग्नात जेवणाच्या पंगतीत आरोग्य खात्याचा माणूस दिसला तरी. त्या माणसांना आमच्या गावाकडची लग्नं नकोशी झाली.

उन्हाळ्यात नर्सबाई आली. मूळची उमरखेडकडची, कडेवर लेकरू, हातात स्टोव्ह. मी तिला विचारलं, "इतके दिवस कुठं होता?" ती म्हणाली, "साहेबांच्या ऑफिसात जन्म-मृत्यूच्या नोंदी करत होते. मला तरी कुठं हौस होती?" तिच्यावर काढायचा म्हणून राखून ठेवलेला माझा राग तिथंच वाया गेला. नळ नव्हता, आम्ही तिला पाणी भरून दिलं. स्वभावानं ती कडक निघाली. तपासणीला उशीर झाला की आम्हालाच ओरडायची, आणि ते ओरडणं ऐकायला आम्ही अगदी वेळेवर जायचो.

पुढच्या वर्षी बजेटच्या आधी पुन्हा कार्यक्रम झाला. ग्रामसेवक चक्कीवर फिरकले नाहीत. मीच विचारलं तर म्हणाले, "मागल्या साली तुमच्या गावाचं ऐकून झालं ना ताई. आता दुसऱ्यांना संधी."

आम्ही गेलोच. दाराशी शिपायानं निमंत्रण विचारलं. याडी त्याच्या अंगावरून आत गेली, तिच्यामागं तांड्यावरच्या शाळकरी पोरींच्या आया. या खेपेला विषय पोरींच्या शाळेच्या बसचा होता. पुढच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून आम्ही मंचासमोर खालीच सतरंजीवर बसलो. नवे अध्यक्ष होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि समोरचा माइक बंद आहे ना, हे आधी बोटानं टिचकी मारून तपासून घेतलं.