भावोजी आणि आगीचा बंब

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाशी स्वतःसाठी बसवलेला जादा ब्रेक सांभाळायचा आणि ओरडायचं, हा त्यांचा व्यवसाय. घरीही टीव्हीवर एखादी गाडी भरधाव सुटली की सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा पाय सतरंजी दाबतो. जेवताना कुणी मीठ कुठाय विचारलं, तर उत्तर येतं, "डावीकडे वळ. हळू. आणखी थोडं. थांब!"

पण भावोजींचा खरा अभिमान वेगळाच. लहानपणी त्यांच्या शाळेच्या रस्त्यावर एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कपाटाएवढी यंत्रं, समोर उभं राहायचं, नाणं टाकायचं आणि खेळायचं. त्यातल्या एका खेळात लाल रंगाचा आगीचा बंब गल्लीबोळांतून पळवायचा, पेटलेली घरं विझवायची आणि मागे लागलेल्या धुराच्या गोळ्यांना चुकवायचं. त्या यंत्रावर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची जी यादी दिसे, तिच्यातली सगळी नावं भावोजींची होती. हे त्यांनी ताईला पहिल्याच भेटीत सांगितलं.

"मी शिक्षण विचारलं होतं," ताई आजही म्हणते.

तर या बंबासाठी एक दिवस भावोजींनी पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर घरी आणला.

"मेव्हणे, याच्यात एम्युलेटर टाकायचा," मला समजावत ते म्हणाले. "म्हणजे असा प्रोग्राम, की या चिमुरड्याला वाटलं पाहिजे आपण ते जुनं कपाटच आहोत."

"आणि त्याला नाही वाटलं तर?"

"वाटायला लावू!"

चिमुरड्याला तसं वाटायला बरेच दिवस लागले. भावोजींनी मेमरी कार्डावर प्रोग्राम चढवला, तो चालेना. पुन्हा चढवला, तेव्हा कार्डाबरोबर आमच्या सहलीचे फोटोही पुसले गेले. खेळाची फाइल रीतसर विकत घेतली, तर ती भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसली. मग ताईच्या बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात जॉयस्टिकची दांडी आणि दोन बटणं बसवली. बूट खिडकीत उघडे पडले. ताईने एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

अखेर एका रविवारी टीव्हीवर तो लाल बंब उमटला. तीच ट्यँव ट्यँव धून. भावोजींचे डोळे पाणावले. आम्ही सगळे मागे दाटीवाटीने बसलो. भावोजींनी बाह्या सरसावल्या, दांडी धरली, आणि बंब सरळ धुराच्या गोळ्यावर जाऊन आदळला.

"सराव नाही ना," ते म्हणाले.

दुसरा बंबही गेला, तिसराही गेला. मग चष्मा बदलला, खुर्ची बदलली, दुसरी महागडी दांडी आली. बंब काही एक गल्ली पार करेना.

"मी डावीकडे नेतोय, हा उजवीकडे पळतोय! एम्युलेटरच खोटा आहे!"

"अहो," ताई हळूच म्हणाली, "तुमचा हातच उजवीकडे जातोय."

"वेडी आहेस का? अगं, डावीकडे..." म्हणता म्हणता भावोजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात उजवीकडे होता.

भावोजींनी दांडी खाली ठेवली ती ठेवलीच.

त्यानंतर ते ओरडेनासे झाले. शिकाऊ मंडळी आधी सुखावली, मग घाबरली. काही दिवसांनी भावोजींनी सगळ्यांना फोन करून शिकवणी बंद असल्याचं कळवलं. "ज्याला डावं-उजवं कळेनासं झालंय," ते मला म्हणाले, "त्याने लोकांच्या जिवाशी खेळू नये, मेव्हणे." डॉक्टरांनी तपासून सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. भावोजींना वाटलं, डॉक्टर भिडस्त आहेत.

ताई मात्र हार मानणाऱ्यातली नाही. "जिथे शिकले तिथेच विचारू," असं म्हणत तिने मला ओढतच त्या जुन्या दुकानात नेलं. आता तिथे लाँड्री आहे. मालक तेच, फक्त म्हातारे झालेले, एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते.

"बंबाचं मशीन?" ते म्हणाले. "अहो, कसलं मशीन ते! दांडी तुटली होती, नवी मीच बसवली. बसली उलटी. वर ढकललं की खाली, डावीकडे ढकललं की उजवीकडे. गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या आणि जे पळाले ते पळाले."

"मग दुरुस्त नाही केलीत?" मी विचारलं.

"करणारच होतो. पण एक काडीपैलवान पोरगा रोज यायचा. खेळ असाच असतो असं समजून खेळायचा. आणि काय खेळायचा हो! म्हटलं, आता सरळ केली तर याचे हाल होतील. राहू दिली."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यादीतली सगळी नावं एकाचीच का, तेही कळलं. दुसरं कुणी खेळतच नव्हतं!

रस्त्यावर येताच ताईने माझा दंड धरला. "दांडीचं सांगायचं. बाकीचं पोटात ठेवायचं. कळलं?"

घरी येऊन तिने दांडीचं सांगितलं. भावोजींनी उठून एम्युलेटरच्या सेटिंग उघडल्या. कुठल्या दिशेसाठी दांडी कुठे ढकलणार, असं तो प्रोग्राम एकेक करून विचारतो. त्याने विचारलं, वर? भावोजींनी खाली ढकललं. त्याने विचारलं, डावीकडे? भावोजींनी गंभीर चेहऱ्याने उजवीकडे ढकललं. एखादा शिकाऊ असं वागला असता तर त्याला भर चौकात उतरवलं असतं त्यांनी.

मग खेळ सुरू झाला. काय सांगू! बंब लोण्यातून सुरी जावी तसा गल्ल्यांतून निघाला. घर विझलं, दुसरं विझलं, धुराचे गोळे एकमेकांवर आपटले. भावोजी खुर्चीवरून अर्धवट उठलेले, तोंडाने अखंड गर्जना. मीही एकदा दांडी हातात घेऊन पाहिली. पहिल्याच भिंतीत गेलो.

"दुकानातले काका ओळखत होते का गं मला?" स्क्रीनवरची नजर न हलवता भावोजींनी विचारलं.

मी खिडकीतल्या बुटांकडे पाहू लागलो.

"ओळखत होते म्हणजे!" ताई म्हणाली. "म्हणाले, त्या मशीनवर टिकला तो हा एकटाच."

"मग? इतकी वर्षं सांगतोय काय मी!"

बंब तसाच गल्लीत थांबवून त्यांनी फोन उचलला आणि एका शिकाऊला लावला. "उद्या सकाळी येतोय मी. आरसे नीट लावून बस. आणि त्या चौकात परत गाडी बंद पाडलीस ना, तर बघ!"

पलीकडून कुणीतरी आनंदाने "हो सर!" म्हणाल्याचं मला लांबूनही स्पष्ट ऐकू आलं.