पिशवी काढण्याचा वाफसा

वॉर्डातले किस्से कोणी जमवीत नाही. औषधाच्या कपाटात रिकाम्या बाटल्या साचतात, तसे ते साचतात. एक पुसायला घ्यावी, तर तिच्यामागे चार उभ्या! महाराष्ट्र राज्य नवे होते आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डची सिस्टर होते, तेव्हाच्या या बाटल्या. बहुतेकींवर एकच नाव आहे: सोनाळ्याची अनसूयाबाई. परमेश्वराची कृपा, की ते नाव मला आज हसत घेता येते.

*

अनसूयाबाईला आणले, तेव्हा उजव्या बरगडीखाली पोट दगडासारखे आणि अंगात फणफणता ताप. पित्ताची पिशवी सुजून पिकली होती. आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, तरुण, मोजके बोलणारे. पूर्ण भूल तिला सोसणार नव्हती. तेवढी जागा बधिर करून त्यांनी लहानसा छेद घेतला, पू काढला, पिशवीत नळी बसवली आणि बाहेर आले.

दारात तिचा नवरा तुळशीराम. वांगी-मिरची पिकवणारा सरळ माणूस.

"काढली का पिशवी, साहेब?"

"नाही. रिकामी केली."

"मंग पोट फाडलं काऊन?"

"आत सगळं एकमेकांना चिकटलंय. आज काढायला गेलो असतो, तर पिशवी हाती आली असती, बाई आली नसती!"

तुळशीरामाने त्यांचे पायच धरले.

*

ताप उतरला. नळीतून हिरवेगार पित्त खाटेखालच्या बाटलीत उतरू लागले. अनसूयाबाईने एकदा वाकून ते नीट न्याहाळले आणि मला म्हणाली, "बाई, माह्या नवऱ्याले बोलावून दाखवा. एवढं कडू पोटात होतं, पन त्याले कधी एक वाकडा शब्द बोलली नाही मी!"

समोरच्या खाटेवरची बाई टाके सांभाळीत हसली. वॉर्डात मोठ्याने हसण्यास मनाई होती. त्या दिवशी मी ती अमलात आणली नाही.

*

पेच पुढे होता. डॉक्टर म्हणाले, नळी काढून घरी जा, दीड-दोन महिन्यांनी या, मग पिशवी काढू. तुळशीरामाला ते पटेना.

"पोट तं उघडलंच आहे. त्याच वाटेनं काढून टाका ना!"

डॉक्टरांनी सूज, नळ्या, रक्तस्राव असे बरेच समजावले. तुळशीरामाची मान हलेना. तेव्हा खाटेवरून आवाज आला, "पाणी पडल्याबरोबर काळ्या वावरात वखर घालता का तुमी? वाफसा येऊ द्या ना, बाप्पा!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "पावसानंतर जमीन चिखलही नाही आणि टणकही नाही, अशी होते; औत तेव्हाच घालतात."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी तुळशीरामालाच विचारले, "आणि वाफसा निघून गेल्यावर औत घातलं तर?"

"मंग ढेकलंच हाती लागते, साहेब!"

"तेच सांगतोय. लवकर नको, उशीरही नको!"

त्या दिवसापासून राऊंडला डॉक्टर पोट दाबून इतकेच विचारीत, "सिस्टर, वाफसा?"

*

सासूने, गोदाआजीने, मारोतीला नवस बोलला होता: सून पायाने घरी आली, तर रोडगे करीन. सून पायाने घरी गेली. म्हातारी नवसाला चुकणारी नव्हती. गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, गाव जेवले. ज्याच्यासाठी नवस, पहिला रोडगा त्याच्या पानात, अशी तिकडची रीत. तोही तुपात बुडवून!

थोड्याच दिवसांत अनसूयाबाई कण्हत परत आली.

तूप-तेल बंद, असे मी आजीला बजावले होते. मी कडक शब्दांत विचारले, "तूप देवानं मागितलं होतं का?"

"देवानं नाही, बाई. पंगतीनं!"

नळी पुन्हा बसवावी लागली नाही, ही देवाची दया. औषधाने सूज उतरू लागली. पण डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "वावरात पुन्हा पाणी पडलं. आता आणखी एक असा झटका आला, तर तिला तो झेपणार नाही."

*

या वेळी आजी दवाखान्यातच मुक्कामाला राहिली. सुनेला मऊ भात आणि मुगाचे बिनफोडणीचे वरण. आजीनेही तेच धरले. कोणी सांगितले नव्हते. मात्र कुरकुर अखंड!

"हिच्यापायी मी बिनातेलाचं खाऊन राह्यली. मले काय पिशवी आहे का?"

डॉक्टर म्हणाले, "आहे ना, आजी. सगळ्यांनाच असते."

आजी दचकली. "मंग माही कवा काढता?"

*

अखेर पोट मऊ झाले आणि ऑपरेशन ठरले. रक्त लागणार होते, तुळशीरामाचे जुळले. त्याच सुमारास सोनाळ्याहून निरोप आला: परतीचा पाऊस थांबला, वावराला वाफसा आला, हरभरा आत्ताच पेरला तर पेरला, नाहीतर ओल उडून जाईल.

डॉक्टरांनी विचारले, "जाऊन येता का? पुढे ढकलू?"

"अन् तोवर पुन्हा दुखलं तं?"

डॉक्टरांनी अनसूयाबाईच्या खाटेकडे पाहिले.

"नाही साहेब. वावर पडीक राह्यलं तं राहो. हा वाफसा सोडत नाही मी."

भिंतीशी बसलेल्या आजीने ऐकले. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजी नाहीशी! दुसऱ्या दिवशी सून टेबलावर, मुलगा रक्त देऊन आडवा, आणि आजीचा पत्ता नाही. मी मनात चार खरमरीत वाक्ये तयार ठेवली. माणसाने प्रसंगाला जागेवर असावे, असे माझे मत आहे.

पिशवी निघाली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सगळं सुटं होतं. योग्य वेळी काढली." मी देवाला हात जोडले.

संध्याकाळी आजी आली. लुगड्याचे काठ काळ्या मातीने जड झालेले, तळहाताला पेरणीचे चाडे धरल्याचे फोड. माझ्या चार वाक्यांपैकी एकही आठवेना.

"निघाली का, बाई?"

"निघाली, आजी."

बायकोच्या उशाशी बसलेला तुळशीराम उठला. "माय, कुठी होती तू? आपला वाफसा तं गेला असंन."

आजी सुनेच्या खाटेशी टेकली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "काऊन जाईन बे? दोन्ही साधले!"