होडी ओढायला ट्रक

मध्य प्रदेशातून आमचं राज्य वेगळं झालं तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटपाच्या याद्या लागल्या. आमच्या पेपरात त्यांच्या बातम्या मीच लिहिल्या. एका यादीत माझा शेजारी भोपाळच्या बाजूला होता. तो सिंचन खात्यात, मूळचा माझ्यासारखाच विदर्भातला. आम्ही दोघांनी मिळून लिलावात एक जुनी फायबरची होडी घेतली होती. तिला मागे छोटी मोटर होती, खाली दोन चाकांचा गाडा. रविवारी त्याच्या जीपला गाडा जोडून आम्ही गंगरेल धरणावर जायचो. जीप त्याच्याबरोबर गेली, होडी माझ्या अंगणात राहिली.

राजधानी झालेल्या आमच्या शहरात रोज नवी माणसं येत होती. कार्यालयं, पाट्या, भाड्याची घरं, सगळ्यांच्या बातम्या होत होत्या. रविवारी मात्र मला कुणाशी बोलायचं नसायचं. होडी विकली तर आमच्या दोघांतलं काही उरणार नव्हतं. म्हणून मी ती ओढू शकेल असा जुना छोटा ट्रक शोधायला लागलो.

पहिला सिलतऱ्याच्या कारखाना भागात पाहिला. रंग ताजा होता. हवेचा फिल्टर उघडायला लावला, तर आत कारखान्याची काळी भुकटी थापलेली. दुसऱ्याच्या मालकाने मी पोहोचण्याआधीच इंजिन चालवून ठेवलं होतं. बॉनेटला हात लावला तर ते गरम होतं. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. तोही सोडला.

तिसरा बीरगांवला, कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरकडे. नंबर अजून मध्य प्रदेशचाच होता. कशासाठी हवा, असं त्यांनी विचारलं. मी होडीचं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"राजधानी झाली तं समुद्रही आला काय, सायेब?"

मग चावी माझ्या हातात देत म्हणाले, "कालपासून सुरू नाही केला. थंडाच ठेवला तुमच्यासाठी."

पहिल्याच चावीला इंजिन लागलं. काळा धूर थोडा आला आणि थांबला. निळा नव्हता, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. खाली पडून चेसिस पाहिली. गाडा जोडायचा हुक बंपरला नाही, थेट चेसिसला बोल्टने कसलेला होता. रेतीची पोती भरून पुलाच्या चढावर मध्येच थांबवला आणि पुन्हा उचलला. क्लच घसरला नाही. उतारावर ब्रेक लागले. मी ट्रक घेतला.

त्यानंतरच्या रविवारी एकटाच गंगरेलला गेलो. रस्त्यात ट्रकने काही त्रास दिला नाही. मासेमार पहाटेच पाण्यात गेले होते, काठावर कुणी नव्हतं. पाण्यात जाणाऱ्या उतारावर गाडा मागे घ्यायला लागलो तेव्हा कळलं की हे काम मी कधी केलंच नव्हतं. जीप तो चालवायचा. मी मागे उभा राहून हात दाखवायचो. बुटका गाडा होडीसकट ट्रकच्या आड जातो, तिरका होतो, आणि तिरका झाल्याचं उशिरा समजतं. मी उतरायचो, बघायचो, पुन्हा चढायचो. दुपारपर्यंत हेच चाललं. होडी कोरडीच परत आणली.

त्याच आठवड्यात भोपाळहून शेजाऱ्याचा फोन आला. ट्रक कसा आहे, त्याने विचारलं. मी फिल्टरपासून हुकापर्यंत सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"अन् मांगं कोण उभं राह्यलं?"

कुणी नाही, मी म्हणालो.

 तो म्हणाला, "गाड्याच्या दोन्ही बाजूले एकेक बांबू उभा बांध. आरशात दिसला पाहिजे. तू दिसायचा तसा."

मी बांबू आणले, वरच्या टोकांना लाल चिंध्या बांधल्या. पुढच्या रविवारी तिसऱ्या प्रयत्नात गाडा सरळ पाण्यात उतरला. होडी गाड्यावरून सुटली. दोरी एका खुंटीला बांधली, ट्रक वर नेऊन उभा केला आणि होडीत येऊन मोटरपाशी बसलो.

पुढच्या फळीवर तो बसायचा. तिथे वजन नसल्याने होडीचं टोक वर उचललं गेलं आणि समोरचं पाणी दिसेना. याला काय करायचं, हे मी त्याला विचारलं नाही. काठावरून दोन दगड आणून त्या फळीवर ठेवले.